आवाजाचं शेपूट

वस्तरा गळ्यावर होता तेव्हा तो आवाज झाला. आरशाखालच्या फळीवर, पावडरच्या डब्याशेजारी न्हाव्याचा फोन पालथा पडला होता. त्यातून टण् असं निघालं आणि न्हाव्याचे डोळे तिकडे वळले. हात जिथे होता तिथेच राहिला. कंठाच्या जरा वर पात्याची गार कड टेकलेली आणि त्या कडेवरची नजर भलतीकडे गेलेली, असा एक श्वासभर वेळ गेला. खुर्चीतल्या माणसाला आरशात मागचं बाकडं दिसत होतं. नंबर लावून बसलेल्यांचे हात आपापल्या खिशाकडे निघाले होते, आणि मानेपासून गुडघ्यापर्यंत पसरलेल्या पांढऱ्या कापडाखाली त्याचा स्वतःचा उजवा हातही मांडीवरून सरकत खिशाच्या तोंडाशी पोचला होता. फोन एकट्या न्हाव्याचा वाजला होता. पण दुकानातल्या प्रत्येकाला वाटलं होतं की हाक आपल्यालाच आली.

"सासरे आहेत," न्हावी म्हणाला आणि पुन्हा गळ्याकडे वळला. "सकाळी फिरायला जातात आणि दिसेल त्या फुलाचा फोटो काढून पाठवतात. पोटच्या मुलीला नाही पाठवत. मला पाठवतात."

तो ओठ न हलवता "हं" म्हणाला.

"घाबरलात काय? वस्तरा हातात असला की मी नुसते डोळे पाठवतो, हात नाही पाठवत. आजवर कुणाला ओरखडा नाही."

वस्तरा उचलला गेल्यावर तो म्हणाला, "डोळेही इथेच ठेवा की."

"ते कुठे माझ्या हातात आहेत," न्हावी हसला. "वाजलं की जातात."

तुरटीनं चुरचुरणारी हनुवटी घेऊन तो रस्त्यावर आला तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. न्हाव्याला त्यानं सांगितलं नाही की हा आवाज माझा आहे. सांगून उपयोग नसतो. पूर्वी एकदोनदा सांगून पाहिलं होतं. ऐकणारा आधी हसायचा, मग याच्या बायकोकडे बघायचा, आणि बायको मान हलवायची तेव्हा कुठे त्याला खरं वाटायचं. त्या काळी तो सिनेमांना आवाज जोडायचं काम करायचा. पडद्यावरचा माणूस जिना उतरला की याने लाकडी फळीवर बूट आपटायचे, बाईनं पत्र फाडलं की याने रद्दी फाडायची. मग एका फोन कंपनीनं बोलावलं. त्यांना निरोप आल्याचा एक आवाज हवा होता. असा, की कुणाला त्याचा राग येऊ नये आणि कुणाला तो टाळताही येऊ नये. आठवडेच्या आठवडे त्यानं काचेचे पेले, सायकलच्या घंट्या, दगडावर दगड, काय वाट्टेल ते वाजवून पाहिलं. शेवटी एका दुपारी आईच्या स्वयंपाकघरात जाऊन जुनं पितळेचं पातेलं आणि पळी मागून घेतली.

त्याच्या लहानपणी आई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून त्या पातेल्याच्या काठावर पळी मारायची. इमारतीच्या मागे मोकळी जागा होती, तिथे मुलं खेळायची. बाकीच्या आया नावं घेऊन ओरडायच्या. याच्या आईला चार मुलांची चार नावं ओरडायचा कंटाळा. एक टोला हाणला की चौघं मिळून वर. हा त्यांतला शेवटचा, म्हणून त्याचं घरातलं नाव धाकट्या. पुढे डोक्यावरचे केस गेले तरी आई त्याला धाकट्याच म्हणे.

त्या दुपारी आई जमिनीवर बसून त्याची माइकची दांडी, तारा, कानावरची टोपणं सगळं न्याहाळत होती. "पातेलं वाजवायचा पगार देतात होय तुला?" ती म्हणाली होती. "आम्ही फुकट वाजवलं की." मग तिनंच वाजवून दाखवलं, कारण त्याच्या हातानं तो आवाज येईना. आवाज सुरेख निघाला होता. अडचण एकच होती, तो फार वेळ घुमायचा. कंपनीच्या माणसाला तेवढा वेळ नव्हता. "पुढचं टोक तेवढं ठेवा," तो म्हणाला, "मागचं शेपूट काढून टाका." यानं शेपूट काढलं. टोकाला धार लावली, म्हणजे खिशाच्या कापडातून आणि रस्त्याच्या गोंगाटातून ते आरपार यावं. काम चोख झालं. आजही तो आवाज कुठेही निघाला तरी याला त्याचा कापलेला काठ ऐकू येतो. शिंप्याला दुसऱ्याच्या अंगावरच्या सदऱ्याची शिवण दिसावी तसा. त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटायचं, की आईचा टोला जगभर फिरतो आहे. आज वस्तरा गळ्यावर असताना पहिल्यांदा वाटलं की टोला फिरतोय खरा, पण ती गॅलरीत उभी नाही.

हल्ली तो जिथे काम करायचा ती जागा एका गालिच्यांच्या गोदामाच्या वर होती. जिन्यात लोकरीचा वास आणि वर गेलं की लाकडाच्या भुशाचा. तिथे एक संगणक तयार होत होता. दुकानात मिळणाऱ्या संगणकांसारखा तो नव्हता. त्याची पेटी लाकडाची, पडदा कागदासारखा राखी, चमक नाही. त्यावर एका वेळी एकच गोष्ट उघडायची. वाचायला बसलात तर वाचन, लिहायला बसलात तर लिखाण. दुसरं काही हवं तर आधी पहिलं मिटून ठेवावं लागे, आणि मिटताना तो विचारी, कुठे आला होतात, एका ओळीत सांगून ठेवा. परत आलात की तीच ओळ तुमच्यापुढे धरी. आत आलेले निरोप एका बाजूला गोळा होऊन बसत. त्या जागेला कचेरीत सगळे ओसरी म्हणत, आणि यंत्राला पाटी. हे यंत्र जिच्या डोक्यातून निघालं ती बाई पूर्वी मुलांना पदार्थविज्ञान शिकवायची. तिला सगळे नुसतं बाई म्हणत. तिचं म्हणणं, शाळेत तिला एकच गोष्ट कळली: मूल खिडकीबाहेर बघत असतं तेव्हा ते कधी रिकामं असतं आणि कधी भरलेलं, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तेव्हा मास्तरानं खडू आपटायच्या आधी थोडं थांबावं. बाकीच्या यंत्रांना थांबता येत नाही, म्हणून हे थांबणारं यंत्र.

बाईंच्या हाताखाली एक उंच माणूस होता, दारातून येताना वाकायचा. त्याला उंच्या म्हणत. यंत्राच्या पोटातलं सगळं तो लिहायचा. आणि हा, ज्याला सगळे घंटीकाका म्हणत. त्याच्यावर काम सोपवलं होतं एकच. ओसरीवर कुणी निकडीचं येऊन बसलं तर आतल्या माणसाला कळावं कसं? जुन्या माणसांना दुसऱ्याच्या घरात शिरताना दारात खाकरायची सवय असते, तसं काहीतरी. म्हणून त्या कामाचं नाव पडलं होतं खोकला.

"काका, खोकला झाला का?" तो आत शिरताच उंच्यानं विचारलं.

"घसा धरलाय अजून."

"शुक्रवारी पेटी बंद व्हायची. मग खोकला बाहेरच राहील."

"राहू दे. तुझ्याएवढ्या उंचीला थंडी वाजत नाही का कधी? तूच खोक."

बाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "काका, हसण्यावारी नेऊ नका. आवाज नसेल तर नाही म्हणून सांगा. पण मग मी हे यंत्र माझ्या घरी ठेवणार नाही." त्यांनी मान वर केली. "माझ्या मुलाला दमा आहे. शाळेतून निरोप आला तर मला त्याच क्षणी कळायला हवं. तेव्हा माझा विचार किती खोल चालला होता ते मला ऐकायचं नाही. मी घरी ठेवणार नाही ते दुसऱ्याच्या घरी कोणत्या तोंडानं ठेवू?"

तो आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला. महिनाभर त्यानं केलेले आवाज एकामागून एक लावून पाहिले. पाण्यात खडा. दूरचं दार. वाऱ्यानं हललेली कडी. सगळे नरम होते, आणि सगळ्यांच्या पोटात तीच धार होती. कारण धार लावायची एवढंच त्याच्या हाताला येत होतं. नरम आवाज केला की त्याची बोटं आपोआप पुढचं टोक तासायला लागत. आणि खरी गोष्ट त्यानं बाईंना सांगितली नव्हती. त्याला आवाज नकोच होता. पाटीचा एक नमुना त्याच्या घरी होता, आणि त्याच्यावर त्याची आई वाचत होती.

आई अक्षर शिकली ते सासू झाल्यावर. मुलं आपापल्या मार्गाला लागली, वडील गेले, तेव्हा एक दिवस ती बँकेतून परत येऊन म्हणाली, अंगठा उठवून उठवून बोटाची रेघ पुसायला आली, आता सही शिकते. जवळच्या शाळेत संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. मुलांच्या बाकांत म्हातारी माणसं गुडघे दुमडून बसायची. सही दोन महिन्यांत आली, पण आई थांबली नाही. ती दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, मग औषधांच्या बाटल्या, मग रद्दीतले कागद. बोट ओळीखाली ठेवून, ओठ हलवत. एखादा शब्द आवडला की बोट तिथेच थांबायचं आणि ती भिंतीकडे बघत बसायची. त्याची बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. तिनं सासूला डोळ्यांना मोठं दिसावं म्हणून एक चपटा काचेचा संगणक आणून दिला. दोन दिवसांत आईनं तो परत केला.

"याचं नि माझं नाही जमत, सूनबाई. बोट ठेवलं की पान पळतं. आणि मी जरा विचार करायला लागले की हा दिवा मालवतो. याला वाटतं मी गेले."

बायकोनं हे त्याला हसत सांगितलं, त्यानं कचेरीत सांगितलं. उंच्या हसला नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं पाटीच्या पोटात दोन गोष्टी घातल्या. बोट टेकलं म्हणजे हुकूम नव्हे, नुसतं टेकलेलं बोट. पान उलटायला पानाचा कोपराच धरावा लागेल. आणि समोर माणूस बसलेला आहे तोवर पडदा काळा होणार नाही, त्यानं तासभर काही केलं नाही तरी. बाई म्हणाल्या, ही आईची दोन कलमं. ती पाटीत कायमची राहिली.

तेव्हापासून आई एक जाड कादंबरी वाचत होती. एका होडीवाल्याच्या घराण्याची. त्यातला धाकटा मुलगा बापाशी भांडून नदीच्या खालच्या अंगाला निघून जातो, आणि पुढे शेकडो पानं त्याची आई घाटावर येऊन बसते. तो परत येतो का, एवढंच तिला बघायचं होतं. सून सांगायला लागली तर कानांवर हात ठेवायची. आयुष्यात एक तरी पुस्तक मी माझं मी शेवटापर्यंत नेणार, असं ती आल्यागेल्याला सांगायची. पण मधल्या काळात तिच्या डोक्यात काहीतरी झिरपून जायला लागलं होतं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग वार. डॉक्टर म्हणाले होते, आज वाचता येतंय ते पुढच्या वर्षी येईल असं धरून चालू नका. मध्येच कुणी बोललं की तिचा धागा तुटायचा आणि ती पान पहिल्यापासून सुरू करायची. आपल्याला कुणी मध्ये हटकलं तर क्षण जातो. तिचं अख्खं पान जायचं. आणि पानं उरली होती थोडी. पुस्तकातली आणि तिच्यातलीही. यांपैकी कुठली आधी संपतील, हे तो आणि बायको रोज नजरेनंच एकमेकांना विचारत.

त्यात शेजाऱ्यांचा फोन. भिंत पातळ होती. तिकडे टण् झालं की इकडे आई वाचता वाचता उठायची, स्वयंपाकघरात जायची आणि चार ताटं मांडायला घ्यायची.

"आले का सगळे वर?" ती विचारायची.

"येतायत," बायको म्हणायची. "तुम्ही बसा, मी बघते."

"पाय धुवायला सांग त्यांना. धाकट्या तसाच शिरतो."

धाकट्या दारात उभा असायचा, साठीला टेकलेला, हातात कामाची पिशवी. एकदा बायको ताटं परत मांडणीवर ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "अहो, तुमचा आवाज भिंतीतून येतो." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते त्याच्या मनात रुतून बसलं असावं. मग तिनंच शेजाऱ्यांना सांगून त्यांचा फोन दुसऱ्या खोलीत ठेववला होता, तेव्हापासून घर जरा शांत होतं. आता आपण होऊन त्या शांततेत, आईच्याच हातातल्या पाटीत, आवाज बसवायचा. तोही कितीही नरम असो. ती उठणारच.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आई खिडकीशी बसली होती, पाटी मांडीवर. बोट एका ओळीखाली थांबलेलं, नजर समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर. पडदा शांतपणे तिची वाट बघत होता. तो बाजूला बसला आणि तिनं खाली बघेपर्यंत थांबला. थांबताना त्याला जाणवलं की आपला अंगठा खिशातल्या फोनच्या कडेवरून फिरतो आहे. त्यानं हात बाहेर काढला, मांडीवर ठेवला. हात पाळीव जनावरासारखा थोडा वेळ तिथे राहिला आणि पुन्हा खिशाकडे निघाला. न्हावी बरा, त्याचे नुसते डोळे जातात.

"आई, तू गॅलरीतून पळी वाजवायचीस ना."

"वाजवायची म्हणजे? तुम्ही काय हाकेनं येणारी होतात?"

"एकदाच वाजवायचीस. आम्ही नाही आलो तरी दुसऱ्यांदा कधी वाजवली नाहीस."

"नाही."

"का?"

तो उत्तराची वाट बघत राहिला. दिवसभर, त्या कोपऱ्यात बसून आवाजांची टोकं तासताना, हा प्रश्न त्याच्या मनात घोळत होता आणि त्याचं उत्तरही त्यानं मनात तयार ठेवलं होतं: मुलांवर विश्वास, आईचा धीर, असलं काहीतरी. आईनं बोट ओळीवर तसंच ठेवून विचार केला.

"पोचा पडला असता," ती म्हणाली. "नवं पातेलं होतं. तुझ्या वडलांनी हौसेनं आणलेलं."

तो हसला. आईही हसली, आपण काय गमतीचं बोललो ते न कळता. मग पुन्हा बोट पुढे सरकलं, ओठ हलायला लागले, आणि तो तिथेच बसून राहिला, कारण पोचा या शब्दानं कुठलंतरी झाकण उघडलं होतं. मागची मोकळी जागा. चुन्यानं आखलेल्या रेघा, संध्याकाळची लांब झालेली सावली, घामानं चिकटलेला सदरा. वरून टोला यायचा. टोला यायचा आणि संपायचा नाही. इमारतीच्या भिंतींत तो घुमत राहायचा, बारीक होत होत जायचा, आणि मुलांनी त्यावर एक नियम बसवला होता. घुमणं ऐकू येतंय तोवर हातातला डाव पुरा करायचा. ज्याच्यावर राज्य असेल त्याला तेवढ्यात पकडता आलं तर पकडू द्यायचं. घुमणं संपलं की जिना. थोरला भाऊ अर्थातच लबाडी करायचा. सगळ्यांचं ऐकून संपलं तरी तो एक कान आकाशाकडे करून म्हणायचा, "थांबा रे, मला अजून ऐकू येतंय," आणि आणखी एक डाव काढायचा. आणि गंमत अशी की तो तसं म्हणाला की बाकीच्यांनाही पुन्हा ऐकू यायला लागायचं. धाकट्याला तर शपथेवर ऐकू यायचं. ते शेपूट किती लांब होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हातातलं पुरं व्हायला जेवढं लागेल तेवढं ते असायचं. वर जावं तर आई रागावलेली नसायची. ताटं झाकून ठेवून ती स्वतः चार घास खाऊन घेत असायची.

आणि त्यानं ते कापलं होतं. कातरीनं नव्हे, एका बटणानं. कंपनीच्या माणसाला वेळ नव्हता म्हणून. बोलावणं ठेवलं आणि डाव पुरा करायची सवलत काढून टाकली. त्यात कुणाचं वाईट चिंतलं होतं असंही नाही. त्या वेळी ते शेपूट त्याला नुसता उरलेला आवाज वाटलं होतं, खरकट्यासारखा. आता त्याला खंत वाटली असं म्हणता येणार नाही. एखादी वस्तू घरभर शोधावी आणि ती आपल्याच काखेत असल्याचं कळावं, तसं झालं. हे बाईंना सांगावं असं क्षणभर वाटलं. एकच टोला, टोक बोथट, मागे लांब घुमणं. माणसाला ओळ पुरी करू देईल असं. दम्याच्या मुलासाठी उठणारी उठेल, आणि बाकीच्यांना कान आकाशाकडे करता येईल. मग त्यानं आईकडे बघितलं. तिचं बोट आता पानाच्या अखेरीला आलं होतं. हिला शेपूट काय करायचंय? हिला उठवायला टोलाच पुरतो.

शुक्रवारी तो कचेरीत गेला नाही. दुपारपर्यंत उत्तर लिहून पाठवतो, असं बाईंना कळवलं आणि आपल्या खोलीत दार लोटून, आदल्या दिवशी कचेरीतून आणलेली दुसरी पाटी घेऊन बसला. बायको दुकानात गेली होती. बाहेरच्या खोलीत आई वाचत होती. शेवटची काही पानं राहिली होती आणि सकाळपासून तिनं कुणाशी बोलणं टाकलं होतं. चहा दिला तर मानेनंच 'ठेव' म्हणाली. घरात इतकी शांतता होती की तिच्या ओठांची पुटपुट दाराच्या फटीतून येत होती. तो लिहीत होता. बाईंचं म्हणणं खरं आहे असं त्यानं आधी लिहिलं. मुलाला दमा असणं ही खरी गोष्ट आहे. मग आपल्या आईबद्दल लिहिलं, ताटांबद्दल लिहिलं. लिहिता लिहिता कधी नव्हे ते त्याचा हात खिशाकडे जायचा विसरला. एक वाक्य दुसऱ्याला धरून येत होतं. तो शेवटाकडे आला आणि त्यानं लिहिलं, 'म्हणून माझं मत असं की या यंत्राला आवाज'

तेवढ्यात टोला पडला.

पाटीतून नाही, भिंतीतून नाही. स्वयंपाकघरातून. पितळेवर पळी, पूर्ण हातानं. तो आवाज त्यानं कितीतरी वर्षांत अख्खा ऐकला नव्हता. त्याचा हात खिशाकडे गेला नाही. पायच हलले. आणि मग तो थांबला, खुर्चीतून अर्धवट उठलेला, कारण घुमणं चालू होतं. ते भांड्यांच्या मांडणीत शिरलं, खिडकीच्या काचेला लागलं, बारीक झालं. 'नसावा' एवढा एक शब्द राहिला होता. वेळ होता. थोरल्याच्या कानांनी ऐकलं असतं तर आणखी एक परिच्छेद झाला असता. पण त्यानं तो शब्द लिहिला नाही. त्याला एकदम कळेना की तोच लिहायचा होता का. वाक्य तसंच ठेवून तो उठला. दुसरा टोला पडणार नाही हे त्याला माहीत होतं.

स्वयंपाकघरात आई ओट्याशी उभी होती. बायको त्या पातेल्यात कपड्यांचे चिमटे ठेवायची. चिमटे ओट्यावर नीट ओतलेले होते. आईच्या हातात पळी होती. ताटं मांडलेली नव्हती.

"संपलं," ती म्हणाली.

"काय संपलं?"

"पुस्तक. माझं मी वाचलं. सगळं."

"अगं मग हाक मारायचीस."

"मारणार होते." ती त्याच्याकडे बघत होती, चष्मा कुठे ठेवला हे आठवताना माणूस बघतं तशी, न घाबरता, नुसती अडलेली. "नाव आठवेना. किती वेळ आठवलं. मग म्हटलं वाजवावं. माझा जो असेल तो येईल."

घुमणं संपलं होतं की नव्हतं ते त्याला सांगता आलं नसतं. त्यानं तिच्या हातातली पळी घेतली नाही. तिच्या कोपराला धरून बाहेरच्या खोलीत आणलं, खिडकीशी बसवलं, आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर बसला. पाटी तशीच उजळ होती, शेवटच्या पानावर, तिचं बोट जिथे होतं त्या ओळीखाली पुसट रेघ ठेवून.

"मग?" त्यानं विचारलं. "आला का तो परत, होडीवाल्याचा मुलगा?"

आईनं विचार केला. टाकीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.

"ते गेलं बघ डोक्यातून," ती म्हणाली. "पण वाचताना बरं वाटत होतं. अजून वाटतंय. म्हणजे आला असणार."

"असणार."

"थांब, बघून सांगते. घाई नाही ना तुला?"

"नाही."

तिनं पळी मांडीवर ठेवली आणि बोट शेवटच्या पानाच्या पहिल्या ओळीखाली टेकलं. ओठ हलायला लागले. आतल्या खोलीत त्याचं वाक्य अर्धं उभं होतं. दुपार होऊन गेली होती आणि बाईंचा निरोप एव्हाना ओसरीवर येऊन बसला असेल, न खाकरता. त्यांना कळवायला हवं होतं. काय कळवायचं ते आता त्याला ठाऊक होतं, आणि तिचं पान संपेपर्यंत ते कुठे जाणार नव्हतं. तो बोटाकडे बघत राहिला. बोट एका शब्दापाशी थांबलं, बराच वेळ थांबलं, पुढे गेलं. पानाच्या तळाशी आल्यावर आईनं समाधानानं मान हलवली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही.

"आई, ते पातेलं मी उद्या नेऊ का?"

"कुठे?"

"कामावर. पेटी एक दिवस उघडी ठेवा म्हणून कळवतो. तुझा टोला पुन्हा घ्यायचाय. या खेपेस सगळा."

आईनं त्याच्याकडे नीट निरखून बघितलं. याला आपण कुठेतरी पाहिलंय, आणि तो वाईट माणूस नाही, एवढं तिला पटलेलं दिसलं.

"ने," ती म्हणाली. "पोचा मात्र पाडू नकोस."